नॅशव्हिलची तालीम: अमेरिकेचं १९६०चं दशक आणि नागपूरहून परतलेले एक मास्तर

पळसफूल

डिसेंबर १९५५. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकवणाऱ्या, मुलांना मैदानावर खेळवणाऱ्या एका सत्तावीस वर्षांच्या कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणाने इथल्या इंग्रजी वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीय लोकांनी बसवर बहिष्कार टाकला होता आणि मार्टिन ल्यूथर किंग नावाचा एक तरुण पाद्री त्यांच्या पुढे होता. बातमी वाचणाऱ्याचं नाव जेम्स लॉसन.

मी जन्माने नागपूरची. सिव्हिल लाइन्समधून हिस्लॉपवरून हजार वेळा गेले असेन. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, म्हणून हा धागा.

लॉसन मेथडिस्ट पाद्र्याचे चिरंजीव, वाढले ओहायोत. कोरियन युद्धाच्या वेळी सक्तीच्या लष्करभरतीला त्यांनी नकार दिला आणि तेरा महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर १९५३ साली मिशनतर्फे नागपूरला आले. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि गांधीजींना जाऊन पाचच वर्षं झाली होती. गांधीजींबरोबर काम केलेली माणसं हयात होती, त्यांच्याशी बोलता येत होतं. सत्याग्रह म्हणजे नुसतं सहन करणं नव्हे, त्याला आखणी लागते, शिस्त लागते, हे लॉसन इथे तीन वर्षं अभ्यासत होते. १९५६ला ते परतले. १९५७च्या फेब्रुवारीत ओबर्लिनला त्यांची किंग यांच्याशी भेट झाली. शिक्षण पुरं करून मग दक्षिणेत येईन, असा लॉसन यांचा विचार होता. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच या. आमच्याकडे हे जाणणारा माणूस नाही.

म्हणून लॉसन टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला गेले. दिवसा व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्राचं शिक्षण आणि संध्याकाळी चर्चच्या खोलीत विद्यार्थ्यांचे वर्ग. या वर्गांना इंग्रजीत काय म्हणत ते सोडा, आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: तालीम. दोन्ही अर्थांनी, नाटकाची आणि पहिलवानांची.

खोलीत खुर्च्या मांडायच्या, हा दुकानातला खाण्याचा काउंटर. काही मुलांनी त्यावर बसायचं. बाकीच्यांनी गोऱ्या गुंडांची भूमिका करायची: शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, सिगारेटचा धूर तोंडावर सोडायचा, खुर्चीवरून खाली पाडायचं. बसलेल्याने हात उगारायचा नाही. मार पडला तर डोकं कसं झाकायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यांत कसं बघायचं, शेजाऱ्याला जास्त लागत असेल तर आपण मध्ये कसं पडायचं, हे सगळं पुन्हा पुन्हा. ज्याला वाटेल की आपल्याला राग आवरणार नाही, त्याने काउंटरवर जायचं नाही. त्याने निरोप पोचवायचे, गाड्या चालवायच्या, पत्रकं छापायची.

काउंटर का? गावातल्या मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीय बाईचे पैसे कापडाला, पातेल्यांना, वह्यांना चालत. तिथेच खाण्याच्या काउंटरवर उंच स्टुलावर बसून तिने कॉफी मागितली की मिळत नसे. पोराला भूक लागली, तहान लागली तरी त्याला घेऊन बाहेर पडायचं.

१ फेब्रुवारी १९६०ला नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोमध्ये चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थ या दुकानाच्या काउंटरवर जाऊन बसले. इतिहासात ती तारीख नोंदली गेली, आणि योग्यच. पण नॅशव्हिलच्या मुलांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९५९मध्येच दोन दुकानांत जाऊन अंदाज घेतला होता. म्हणून १३ फेब्रुवारीला तिथे एकदम शंभराहून जास्त मुलं-मुली नीटनेटके कपडे करून, पुस्तकं घेऊन काउंटरवर बसल्या. २७ फेब्रुवारीला त्यांना खाली ओढून मारलं आणि पोलिसांनी मारणाऱ्यांना नव्हे, मार खाणाऱ्यांना पकडलं. एक रांग गाडीत गेली की दुसरी रांग येऊन रिकाम्या स्टुलांवर बसत होती. मग तिसरी. दंड भरून सुटणं नाकारून ती मुलं तुरुंगात राहिली. मार्चमध्ये विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकलं.

मला एवढंच मांडायचं आहे. साठच्या दशकाबद्दल आपण वाचतो ते बहुतेक वारा सुटल्यासारखं: नवी पिढी आली, केस वाढले, गाणी बदलली, समाज बदलला. वारा सुटला होता, नाही म्हणत नाही. पण त्या दशकात जे टिकाऊ बदललं ते आधी कुणीतरी खोलीत बसून, खुर्च्या मांडून, अंगावर थुंकून घेऊन घोटवलेलं होतं. तुम्हाला काय वाटतं? आणि कुणाच्या घरी त्या काळातल्या अमेरिकेच्या आठवणी असतील तर जरूर लिहा.

रामटेककर

ताई, मी हिस्लॉपातच शिकलो, पन हे आमाले कधी कोनी सांगतलंच नाही. वाचून अंगावर काटा आला. त्या दुकानदारायनं शेवटी काउंटर उघडले का नाही?

पळसफूल

उघडले. ईस्टरच्या आधी कृष्णवर्णीय कुटुंबांनी गावातल्या दुकानांतून काहीही घ्यायचं नाही असं ठरवलं. ईस्टर म्हणजे तिकडे नवे कपडे, नवे बूट, आपल्या दिवाळीसारखी खरेदी. दंग्याच्या भीतीने गोरे गिऱ्हाईकही येईना. दुकानं ओस पडली. १९ एप्रिलला पहाटे झेड. अलेक्झांडर लूबी या वकिलांच्या घरावर बॉम्ब टाकला. मुलांचे खटले तेच लढवत होते. पतिपत्नी सुदैवाने वाचले, पण समोरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या खिडक्यांच्या काचांचा चुरा झाला. त्याच दिवशी हजारो लोक एक शब्द न बोलता नगरपालिकेवर चालत गेले. तिथे डायन नॅश नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीने महापौर बेन वेस्ट यांना सगळ्यांसमोर सरळ विचारलं: केवळ रंगावरून माणसात भेद करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? महापौरांनी कबूल केलं, चूक आहे. १० मे १९६०ला सहा दुकानांचे काउंटर उघडले.

खडूफळा

लेख आवडला, पण मी इतिहास शिकवतो आणि इथे थोडं अडतोय. नॅशव्हिलचे काउंटर उघडले, मान्य. पण मिसिसिपीत, अलाबामात हजारो काउंटर बंदच राहिले. ते उघडले २ जुलै १९६४च्या नागरी हक्क कायद्याने. मतदानाचा हक्क प्रत्यक्षात आला ६ ऑगस्ट १९६५च्या कायद्याने, कारण त्यानंतर केंद्र सरकार स्वतःची माणसं पाठवून मतदार नोंदवू शकत होतं. त्याआधी नोंदणी कचेरीतला कारकून कृष्णवर्णीय शिक्षकालाही राज्यघटनेचं कलम वाचून अर्थ सांगायला लावायचा आणि नापास करायचा. म्हणजे बदल झाला तो केंद्राच्या बळावर. नीतीने लाजणारा महापौर प्रत्येक गावात नव्हता.

पळसफूल

खडूफळा सर, तुमचं बरोबर आहे, आणि तरी एक विचारते. केंद्राला हलवलं कुणी? मे १९६१मध्ये आंतरराज्य बसमधून गोरे-काळे प्रवासी एकत्र बसून दक्षिणेत निघाले. अॅनिस्टनला त्यांची बस पेटवून दिली. ही यात्रा आता थांबणार असं सगळ्यांना वाटलं. तेव्हा पुढची तुकडी निघाली ती नॅशव्हिलहून, आणि ती पाठवली डायन नॅशने. जाण्याआधी त्या मुलांनी मृत्युपत्रं लिहून दिली होती. विशीतली मुलं! त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून आंतरराज्य बसस्थानकांवरच्या वेगवेगळ्या खोल्या बंद करायचा केंद्राचा आदेश लागू झाला. कायदा हवाच. पण तो वॉशिंग्टनमधे आपोआप उगवला नाही.

खडूफळा

हे मान्य. केनेडी सरकारला सुरुवातीला हा विषय नको होता हेही खरं. माझा मुद्दा एवढाच की तालीम आणि कायदा ही एका गाडीची दोन चाकं आहेत, एकावर गाडी चालत नाही.

औषधपाणी

कायद्याचा विषय निघालाच आहे तर रुग्णालयांचं सांगते, कारण यावर फार कमी लिहिलं जातं.

अमेरिकेत १९४६च्या कायद्याखाली नवी रुग्णालयं बांधायला सरकारी पैसा मिळे, आणि त्या कायद्यात वेगळे वॉर्ड ठेवायची मुभा लिहिलेली होती. ग्रीन्सबरोतल्याच जॉर्ज सिमकिन्स या दंतवैद्यांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि १९६३मध्ये ते जिंकले. पण खरा धक्का बसला मेडिकेअरने. पासष्ट वर्षांवरच्या लोकांच्या उपचारांचा खर्च सरकार देणार, ही योजना ३० जुलै १९६५ला मंजूर झाली आणि १ जुलै १९६६ला सुरू झाली. अट अशी की ज्या रुग्णालयात रंगावरून वेगळे वॉर्ड, वेगळी दारं, वेगळे रक्ताचे साठे असतील त्याला या योजनेतला एक डॉलरही मिळणार नाही. तपासनीस प्रत्यक्ष जाऊन बघत होते, खाटा कुणाच्या शेजारी कुणाच्या आहेत ते. मोर्चे नाहीत, दूरदर्शनचे कॅमेरे नाहीत, आणि काही महिन्यांत दक्षिणेतल्या शेकडो रुग्णालयांनी वॉर्ड एक केले.

माझे सासरे १९६९ साली मुंबईहून दक्षिणेतल्या एका रुग्णालयात रेसिडेन्सीला गेले. ते सांगायचे, इमारतीला दोन प्रतीक्षालयं होती, दुसरं आता जुनी कागदपत्रं ठेवायला वापरत. व्हरांड्यात भिंतीवर एक पाण्याचा नळ आणि त्याच्या बाजूला बुजवलेला नळाचा खड्डा, त्यावर नवा रंग दिलेला, पण रंग जुळला नव्हता. त्यांना पहिले काही महिने कळलंच नाही ते काय आहे. मग रात्रपाळीच्या एका वयस्कर कृष्णवर्णीय आयाबाईंनी सांगितलं. त्या तीस वर्षं तिथे काम करत होत्या आणि त्यांच्या स्वतःच्या आईला त्या मुख्य वॉर्डात कधी झोपवू शकल्या नव्हत्या. हे सांगताना सासरे दरवेळी गप्प होत. आपल्याला इथे नोकरी मिळाली, पांढरा कोट मिळाला, तो कुणामुळे, हे त्यांना त्या रात्री कळलं असं ते म्हणत.

टपालपेटी

औषधपाणी, तुमच्या सासऱ्यांचं वाक्य आम्हा अमेरिकेतल्या मराठी लोकांनी लक्षात ठेवायला हवं. मी न्यू जर्सीत आहे, इथे गणपतीच्या मांडवात हा विषय कधी निघत नाही.

१९४६पासून भारतातून वर्षाला शंभर माणसांना अमेरिकेत स्थायिक होण्याचा परवाना मिळे. शंभर! सगळ्या देशातून. जन्मदेशावरून माणसाची किंमत ठरवणारी ती कोटा पद्धत मोडली ३ ऑक्टोबर १९६५च्या कायद्याने. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी त्यावर सही केली. हा कायदा ज्या काँग्रेसने केला तिनेच दोन महिन्यांपूर्वी मतदानाचा कायदा केला होता. घरात रंगावरून भेद नको म्हणायचं आणि दारात मात्र रंग बघूनच आत घ्यायचं, हे त्या वेळी उघडं पडलं होतं. म्हणजे मतदानाच्या हक्कासाठी अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांनी दार ढकललं आणि आत आलो आपण.

काही खासदारांना वाटलं होतं की नातेवाइकांना प्राधान्य दिलं तर युरोपातलेच लोक येत राहतील. मायकेल फीगन हे ओहायोचे खासदार याच हिशेबाने आग्रही होते. झालं उलटं. डॉक्टर आणि इंजिनियर आले, त्यांनी भावंडांना बोलावलं, आईवडिलांना बोलावलं. माझे मोठे काका १९७१ला आले, आणि त्यांच्यामागून आम्ही अकराजण.

म्हणून इथे काही घरांत शेजारच्या कृष्णवर्णीय वस्तीबद्दल जे बोललं जातं ते ऐकलं की मला मनापासून दुःख होतं.

निळीपहाट

पळसफूलताई, धागा फार चांगला आहे. पण एक गोष्ट राहिली आणि ती नागपूरकराकडून राहू नये.

लॉसन परतले ते १९५६. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला, त्याच शहरात, बाबासाहेबांनी लाखो माणसांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. काउंटरवर बसण्याचं आपल्याकडचं खरं भावंड दांडीचं मीठ नाही, महाडचं पाणी आहे. २० मार्च १९२७. चवदार तळं कायद्याने खुलं झालेलं होतं, ठराव झालेला होता, पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. हजारो माणसं चालत गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. परतताना मार खाल्ला. पाणी आणि कॉफी, तळं आणि स्टूल, प्रश्न एकच: तू आमच्या शेजारी बसून पिणार का.

माझ्या आजोबांच्या गावात हॉटेलात आमची कपबशी बाहेर कोनाड्यात असे. स्वतः उचलायची, चहा वरून ओतला जायचा, स्वतः धुऊन परत ठेवायची. त्यामुळे ते अमेरिकन काउंटर काय असेल हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आणि हे नातं दोन्ही बाजूंचं आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली होती. पुढे ऑक्टोबर १९६६मध्ये ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला, आणि १९७२मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने दलित पँथर. नाव तिथून आलं, राग इथला होता. पँथर म्हटलं की लोकांना बंदूक आठवते. १९६९च्या जानेवारीपासून ओकलंडच्या चर्चमध्ये हेच लोक शाळेआधी गरीब मुलांना फुकट न्याहारी देत होते, हेही आठवावं.

पळसफूल

निळीपहाट, महाडचं माझ्याकडून राहिलं. ते सुरुवातीलाच यायला हवं होतं. तुमचं "पाणी आणि कॉफी" मी विसरणार नाही.

खडूफळा

निळीपहाट यांच्या शेवटच्या मुद्द्यावरून: दक्षिणेतल्या लढ्याने उत्तरेकडच्या शहरांतलं काहीच सुटलं नाही, हे त्या दशकाचं दुखणं. मतदानाच्या कायद्यावर सही झाली ६ ऑगस्टला, आणि ११ ऑगस्टला लॉस एंजेलिसचा वॉट्स भाग पेटला, ३४ माणसं मेली. तिथे काउंटरवर बंदी नव्हतीच. तिथे घर भाड्याने मिळत नव्हतं, काम मिळत नव्हतं, पोलीस मारत होते. १९६७ला डेट्रॉइटमध्ये ४३ मेली. त्याच वेळी व्हिएतनाममधे सैनिकांचा आकडा वाढत पाच लाखांवर गेला. कॉलेजात शिकणाऱ्याला भरतीतून सवलत होती, त्यामुळे ज्याला कॉलेज परवडत नाही तो आधी जात होता.

आणि गोऱ्या मध्यमवर्गाचा मोठा भाग या सगळ्याने घाबरला होता. १९६८च्या निवडणुकीत अलाबामाचे जॉर्ज वॉलेस उघड वर्णभेदाच्या इतिहासावर पाच राज्यं जिंकले आणि निक्सन कायदा-सुव्यवस्थेच्या नावावर राष्ट्राध्यक्ष झाले. दशक एका दिशेने धावलं असं समजू नये.

अनुस्वार

सगळे पुरुष नेत्यांबद्दल लिहितात, इथे डायन नॅश आली म्हणून बरं वाटलं. एला बेकरही यायला हव्यात. एप्रिल १९६०मध्ये काउंटरवर बसणाऱ्या सगळ्या गावांच्या विद्यार्थ्यांना त्यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या राले शहरात एकत्र बोलावलं आणि मोठ्या नेत्यांच्या पंखाखाली जाऊ नका, स्वतःची संघटना काढा असं सुचवलं. तीच पुढची विद्यार्थी समन्वय समिती. तिचं उद्देशपत्र लिहिलं लॉसन यांनी.

पण २८ ऑगस्ट १९६३ला वॉशिंग्टनच्या त्या अडीच लाखांच्या सभेत मुख्य भाषणांत एकाही बाईचं नाव नव्हतं. चळवळीतल्या कार्यकर्त्या डेझी बेट्स मिनिटभर बोलल्या. ज्या बायकांनी मुलं तयार केली, जेवणं रांधली, तुरुंग भोगला, त्यांना गौरवाच्या वेळी नुसतं उभं केलं. १९६२ला डायन नॅश गरोदर होत्या आणि तरीही मिसिसिपीत तुरुंगात जायला निघाल्या होत्या. दशकाच्या शेवटी अमेरिकन बायका ज्या प्रश्नांवर रस्त्यावर आल्या, त्यांतल्या कितीतरी जणी आधी या चळवळीत पत्रकं टंकून देत होत्या. हे दोन धागे वेगळे काढून शिकवतात ते मला पटत नाही.

रामटेककर

लॉसन सरायचं मंग काय झालं? विद्यापीठातून काढलं, पुढं?

पळसफूल

शिक्षण दुसरीकडे पुरं केलं आणि टेनेसीतल्याच मेम्फिसला चर्चमध्ये रुजू झाले. १ फेब्रुवारी १९६८ला तिथे पावसात आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत मागे बसलेले एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार यंत्र अचानक सुरू होऊन चिरडून मेले. तेराशे कामगार संपावर गेले. पूर्ण वेळ राबूनही त्यांच्यातल्या पुष्कळांना सरकारी मदतीवर घर चालवावं लागे. गळ्यात पाटी: मी माणूस आहे. संपाला पाठिंबा देणाऱ्या समितीचे प्रमुख होते लॉसन, आणि किंग यांना मेम्फिसला बोलावलंही त्यांनीच. तिथल्या सभेत किंग म्हणाले त्याचा आशय असा: खिशात हॅम्बर्गर आणि कॉफीपुरतेही पैसे नसतील तर खुल्या झालेल्या काउंटरवर बसायला मिळून काय उपयोग? खडूफळा सर वॉट्सबद्दल म्हणाले ते हेच. आठ वर्षांत प्रश्न स्टुलावरून पगारावर आला होता, आणि दोन्ही वेळा तोच मास्तर, तेच राज्य.

४ एप्रिलला किंग यांची तिथेच हत्या झाली. १६ एप्रिलला शहराने संघटनेला मान्यता दिली, पगार वाढवला.

त्या हत्येसाठी शिक्षा झालेल्या जेम्स अर्ल रे याला लॉसन पुढे तुरुंगात भेटायला जात. १९७८ला त्याचं तुरुंगात लग्न झालं, ते लावलं लॉसन यांनी. यावर मी खूप विचार केलाय. माझ्याच्याने झालं नसतं.

१९७४पासून ते लॉस एंजेलिसला होते. हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या स्थलांतरित कामगारांचे वर्ग घेत, तीच तालीम. ज्या विद्यापीठाने काढलं होतं त्यानेच त्यांना प्राध्यापक म्हणून परत बोलावलं, आणि ते गेले. जून २०२४मध्ये वारले, ९५ वर्षांचे.

टपालपेटी

इथल्या मराठी शाळेत आम्ही मुलांना दर रविवारी एक गोष्ट सांगतो. या रविवारी ही सांगणार. चालेल ना ताई?

पळसफूल

विचारता काय, सांगाच. महाडसकट सांगा.

रामटेककर

ताई, मी उद्या कॉलेजात जाऊन येतो. ग्रंथालयात १९५३ ते ५६ ची वार्षिकं ठेवली हायेत का ते इचारतो. भेटलं तर फोटो टाकतो इथं.

पळसफूल

रामटेककर, खेळाच्या संघांचे फोटो आधी बघा. मुलांच्या मागे उभे असतील.